झाडांचं लेझर स्कॅनिंग: झाड वाचेल की नुसती त्याची प्रत?

सावलीकर: 2018 च्या गणनेत मुंबईत सुमारे 29.75 लाख झाडं नोंदली गेली. पण नोंद म्हणजे जात, घेर, उंची, ठिकाण. लायडर हे तंत्र लेझरच्या लाखो बिंदूंतून खोड-फांद्यांचा त्रिमितीय आकार उभा करतं. रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांचं असं स्कॅनिंग दरवर्षी व्हावं. फोन झाडासमोर धरला की ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीत मागच्या वर्षीचा विस्तार त्याच जागी दिसावा. छाटणीच्या नावाखाली अर्धं झाड उतरवतात आणि नंतर ‘ते तेवढंच होतं’ म्हणतात. तिथे पुरावा हवा.

पारंबी: माझा विरोध. लेझर सालीवर आदळून परत फिरतो. आतली पोकळी त्याला दिसत नाही आणि पेव्हर ब्लॉकखालची मुळंही नाहीत. केबलच्या चरात मुळं तुटतात, बुंध्यापर्यंत सिमेंट येतं, मग पहिल्या वादळात झाड आडवं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचं 1 मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. त्याला पहार पुरते. उलट स्क्रीनवर हिरवागार आकार बघून लोक निर्धास्त होतील, हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

सावलीकर: मुळांचं मान्य. पण वृक्षसंरक्षण कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या शहरांत 50 वर्षांवरचं झाड ‘हेरिटेज’ ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी रोपं लावावी लागतात. म्हणजे सगळं वयावर आलं. घेर कमी लिहिला की वय कमी, रोपंही कमी. स्कॅन असेल तर घेरात लबाडी चालणार नाही.

रानभूल: घेर अचूक मिळेल, वय नाही. वडाच्या पारंब्या खोडाला चिकटून एकजीव होतात, तिथे घेरावरून काय काढणार? वर्षावृक्ष (रेन ट्री) झपाट्याने जाडावतो, बकुळ सावकाश. आपल्या हवेत बऱ्याच जातींच्या वर्षवलयांचाही भरवसा नाही. जुने फोटो आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांची साक्ष मला जास्त खात्रीची वाटते.

टेकडीवाला: मेलबर्नने 2013 च्या सुमारास झाडांना क्रमांक आणि ई-मेल पत्ते दिले, तक्रारी कळाव्यात म्हणून. लोकांनी झाडांनाच प्रेमपत्रं लिहिली! माया तंत्रज्ञानातूनही लागते.

पारंबी: लागू दे. पण झाडतोडीची परवानगी देणाऱ्या वृक्ष प्राधिकरणापुढे हरकत मांडताना ती माया टिकत नाही, कागद टिकतो. छाटणीच्या आधीचा आणि नंतरचा स्कॅन सुनावणीत ग्राह्य धरणार का, हे आधी लेखी घ्या. ते मिळालं तर मी सावलीकरांच्या बाजूने.