दोन बँड, एक रात्र आणि मधला अर्धा तास

रॉक बँडच्या कार्यक्रमाचा विषय निघाला की ज्याच्या नावावर तिकिटे खपली, त्याच बँडविषयी सगळे बोलतात. त्याने कोणते गाणे गाळले, गायकाचा आवाज पूर्वीसारखा राहिला आहे का, यावर तासभर चर्चा होते. त्याच रंगमंचावर त्याच्या आधी चाळीस मिनिटे घाम गाळून गेलेल्या बँडचे नावही अनेकांना दुसऱ्या दिवशी आठवत नाही. म्हणून हा धागा मुद्दाम काढत आहे. एकाच रात्री दोन बँड ऐकले असतील, तर त्या रात्रीविषयी लिहावे. मात्र पहिल्या बँडला आणि दोघांच्या मधल्या त्या ताटकळत ठेवणाऱ्या अर्ध्या तासाला वगळू नये, एवढीच विनंती. सुरुवात मीच करतो.

माझी जागा रंगमंचाच्या डाव्या अंगाला, कठड्यापासून तिसऱ्या रांगेत होती. मुख्य बँडची गाणी मला शाळेपासून पाठ आहेत, त्यामुळे दिवे मालवून अनोळखी तिघेजण आत आले तेव्हा मी आधी घड्याळ पाहिले. पहिली दोन गाणी हाताची घडी घालूनच ऐकली. गायकाचे शब्द कळत नव्हते, गिटार पातळ वाटत होती, ड्रम मात्र छातीवर आदळत होता. ‘तयारी न करताच आलेले दिसतात,’ असे मी शेजाऱ्याला ऐकवलेही. तिसऱ्या गाण्यात गिटारची तार तुटली. गाणारा आणि गिटार वाजवणारा एकच होता आणि त्याच्याकडे दुसरी गिटार नव्हती. त्याने बासवादकाकडे नुसते पाहिले. बास आणि ड्रम यांनी चार मात्रांचा एक तुकडा धरला आणि तोच घोळवायला सुरुवात केली. गिटारवाला ॲम्पच्या, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीच्या, आडोशाला गुडघ्यावर बसला आणि नवी तार खुंटीत ओवून भराभर पिळू लागला. मी इतका जवळ होतो, की कापायची राहिलेली तारेची वीतभर शेपटी खुंटीपाशी लवलवताना आणि तिच्यावर निळा प्रकाश चमकताना मला दिसत होता. नवी तार लगेच उतरते, म्हणून त्याने ती दोनदा बोटांनी खेचली, सूर जुळला की नाही ते दाखवणाऱ्या ट्यूनरच्या दिव्याकडे पाहत पुन्हा चढवली आणि उठून तो नेमका पुढच्या आवर्तनाच्या समेवर असा काही आला, की आमच्या बाजूच्या सगळ्यांच्या तोंडून एकदम आरोळी फुटली. हाताची घडी मी केव्हा सोडली, ते मला सांगता येणार नाही.

मुख्य बँड उत्तम वाजला. त्याच्याविषयी खरोखरच एवढेच लिहावेसे वाटते.

* * *

पहिल्या गायकाचे शब्द कळले नाहीत, असे वर लिहिले आहे. त्याचा दोष गायकाला देण्याआधी पडद्यामागची बाजू सांगणे मला भाग आहे, कारण मी बारा वर्षे अशा कार्यक्रमांत केबल अंथरण्यापासून मॉनिटर, म्हणजे वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर, सांभाळण्यापर्यंत सगळी कामे केली आहेत. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी, बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमाने होतो. रात्री शेवटी वाजवणारा बँड दुपारी सर्वांत आधी येतो, हवा तितका वेळ घेतो, आणि त्याची मांडणी पुरी झाली की ड्रम्सवर काळे कापड टाकून ती तशीच मागे ठेवली जाते. पुढे जी अरुंद पट्टी उरते, तिच्यात पहिल्या बँडने आपला संसार मांडायचा. दरवाजे उघडायची वेळ ठरलेली असल्यामुळे मुख्य बँडचे लांबले, की कात्री लागते ती याच बिचाऱ्यांच्या वेळेला. पुष्कळदा त्यांच्या वाट्याला केवळ लाइन चेक येतो, म्हणजे प्रत्येक माइक आणि प्रत्येक वायर जिवंत आहे एवढेच पाहायचे. आवाजांचा तोल मात्र पहिल्या दोन-तीन गाण्यांत भरल्या सभागृहासमोर साधायचा. त्यात रिकाम्या सभागृहात बसवलेला तोल माणसे भरल्यावर तसाच राहत नाही, कारण कपडे आणि शरीरे वरच्या स्वरांचा बराचसा भाग शोषून घेतात. शब्दांतली व्यंजने नेमकी तिथेच असतात. तार तुटल्यावर मिळालेला तो मिनिटभराचा वेळ कन्सोलवरच्या, म्हणजे आवाजांचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रावरच्या, माणसाने वाया घालवला नसणार, असे मी पैजेवर सांगेन.

मधल्या अर्ध्या तासाविषयी विचारले आहे, तर तो रिकामा मुळीच नसतो. एकीकडून पहिल्या बँडचे सामान बाहेर जात असते, दुसरीकडून माइकचे स्टँड जमिनीवर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्यांच्या खुणांवर परत येतात, ड्रम्सवरचे कापड निघते, कुणीतरी प्रत्येक ड्रमवर कंटाळवाणेपणाने ठोके देत राहतो आणि प्रेक्षक उगाचच त्यालाही टाळ्या देतात. सगळे जागेवर आले की रंगमंचाच्या कडेकडून समोरच्या कन्सोलकडे टॉर्चचा इशारा जातो आणि दिवे मालवतात. हल्ली मी तिकीट काढून प्रेक्षकांत उभा असतो तेव्हाही माझी नजर त्या कोपऱ्यावरच असते. तो टॉर्च लुकलुकला की मी इतरांच्या दोन सेकंद आधी ओरडतो, आणि शेजारचे माझ्याकडे वेड्यासारखे पाहतात.

* * *

वरील तपशील वाचून मला माझेच एक वाक्य परत घ्यावे लागत आहे. चौथ्या गाण्यापासून शब्द स्पष्ट कळत होते, हे मी लिहिताना विसरलो होतो.

* * *

माझी उंची पाच फुटांना दोन इंच कमी आहे. उभ्याने ऐकायच्या कार्यक्रमात मला कठड्याला चिकटावे लागते, नाहीतर रात्रभर पुढच्यांच्या पाठी पाहाव्या लागतात. म्हणून दरवाजे उघडायच्या चार तास आधीपासून मी रांगेत उभी होते आणि कठड्याची जागा मिळवलीही. पहिला बँड मी मनसोक्त ऐकला. हात वर करायला जागा होती, एका गाण्यावर आम्ही चार अनोळखी मुली नाचलोही. खरी अडचण मधल्या वेळात सुरू झाली. त्या वेळात मुद्दाम कुणी ढकलत नाही. बाहेर गेलेले परत येतात, मागचे अर्धे पाऊल पुढे सरकतात, आणि अशा शेकडो अर्ध्या पावलांचा भार अखेर पहिल्या रांगेच्या बरगड्यांवर येतो. दिवे मालवले त्या क्षणी मागून लाट आली आणि माझे पाय अक्षरशः जमिनीवरून सुटले. श्वास आत घेता येत होता तो वरवरचा. कठड्यापलीकडच्या रक्षकाने माझा चेहरा पाहिला, दोन्ही काखांत हात घालून मला वर उचलले आणि बाजूच्या वाटेने बाहेर काढले. ज्या बँडसाठी चार तास उभी होते, तो मी स्पीकरच्या मागच्या बाजूने, बास सोडून काहीही नीट ऐकू येत नसताना पाहिला.

तेव्हापासून मी गर्दीविषयी वाचत असते. ३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतल्या सिनसिनाटीमध्ये ‘द हू’ या रॉक बँडच्या कार्यक्रमाला आलेल्यांपैकी ११ जण दारापाशीच गुदमरून मेले. जागा राखीव नव्हत्या, फार थोडे दरवाजे उघडले होते आणि आतून संगीत ऐकू आल्यामुळे कार्यक्रम सुरू झाला अशी समजूत पसरली होती. आत न शिरताच गेलेल्या त्या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. आता मी कठड्याचा हट्ट सोडला आहे. दाब वाढू लागला तर दोन्ही हात छातीसमोर धरते, म्हणजे श्वासापुरती जागा राहते, आणि लाट ओसरली की सरळ मागे न जाता तिरक्या दिशेने कडेला सरकते.

* * *

मी अल्पसंख्याकांपैकी आहे. मी पहिल्याच बँडसाठी गेले होते आणि त्यांच्या एकमेव संथ गाण्यात मागचे लोक मुख्य बँडच्या नावाचा घोष करत होते. गायिकेने डोळे मिटून गाणे पूर्ण केले, मग माइकजवळ येऊन ‘तेही येतील, आज रात्रीच,’ एवढेच म्हणाली. हशा झाला आणि उरलेली तीन गाणी लोकांनी गपगुमान ऐकली. अशा वेळी मला जुलै १९६७ ची आठवण धीर देते: पुढे जगप्रसिद्ध झालेल्या गिटारवादक जिमी हेंड्रिक्सला ‘द मंकीज’ या लोकप्रिय पॉप बँडच्या आधी वाजवायला लावले होते आणि समोरची पोरे त्याच्या गिटारीवर आपल्या लाडक्या गायकाच्या नावाने ओरडत होती. थोड्याच कार्यक्रमांनंतर तो त्या दौऱ्यातून बाहेर पडला.

* * *

माझा अनुभव कानांचा आहे आणि तो कुणाच्या उत्साहावर पाणी ओतण्यासाठी लिहीत नाही. दोन बँड म्हणजे मधला वेळ धरून साडेतीन तास, आणि मी उजवीकडच्या स्पीकरपासून जेमतेम पाच मीटरवर होतो. पहिला बँड संपला तेव्हाच कानात कापूस भरल्यासारखे वाटत होते. तीच वेळ मागे जाण्याची होती. मी मात्र पुढे सरकलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर डाव्या कानात बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. पूर्वी अशी शिट्टी दुसऱ्या दिवशी जात असे. या वेळी ती गेली नाही, तिला सहा वर्षे झाली. गंमत म्हणजे ती गोंगाटात कळत नाही. घर शांत झाले की हजर होते.

नंतर डॉक्टरांनी हिशेब समजावला. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असे धरले, तर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जी मर्यादा सुचवली, ती १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल आहे, आणि शांत जागेची सोय असावी असेही त्यात म्हटले आहे. आता मी संगीतासाठी बनवलेले इअरप्लग वापरतो. फोमचे बोळे वरचे स्वर जास्त दाबतात आणि सगळे घोंगडीखालून ऐकल्यासारखे वाटते. हे मात्र सर्व स्वर बऱ्यापैकी सारखे उतरवतात, त्यामुळे शब्द उलट अधिक स्वच्छ ऐकू येतात. मित्र मला ‘कानात बोळे घालून गाणे ऐकणारा’ म्हणतात. म्हणोत.

* * *

आमच्या घरी दोन बँडची रात्र म्हणजे तह असतो. माझा बँड पहिला होता, नवऱ्याचा दुसरा. माझा बँड ठरलेल्या मिनिटाला आला आणि ठरलेल्या मिनिटाला गेला. नवऱ्याचा बँड मात्र मधल्या अर्ध्या तासाचे एक तास पन्नास मिनिटे करून आला. प्रथम शिट्ट्या, मग पाय आपटणे, मग रिकाम्या बाटल्या असा क्रम झाला आणि तितका वेळ नवरा प्रत्येक दहा मिनिटांनी नवे कारण शोधून त्यांची बाजू मांडत होता. अखेर तो मला माँट्रियलची हकिगत सांगू लागला. ८ ऑगस्ट १९९२ रोजी तिथे ‘मेटालिका’ बँडचा गायक जेम्स हेटफील्ड याचा हात आतषबाजीच्या ज्वाळेत भाजला आणि त्यांना कार्यक्रम मध्येच थांबवावा लागला, त्यानंतर त्या रात्रीचा दुसरा बँड ‘गन्स अँड रोझेस’ बऱ्याच उशिरा आला आणि त्यांनीही कार्यक्रम लवकर आटोपला, तेव्हा दंगल उसळली. ‘त्या मानाने आपले बरेच बरे चालले आहे,’ असे म्हणून तो माझ्याकडे आशेने पाहू लागला. त्याच क्षणी दिवे मालवले, म्हणून तो वाचला.

* * *

आम्ही स्टेडियममध्ये सर्वांत मागे होतो. ड्रमवाल्याची काठी खाली आलेली आधी दिसायची आणि ठोका नंतर ऐकू यायचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर जवळजवळ तृतीयांश सेकंद उशीर झाला. मधल्या खांबांवरचे स्पीकरही, पुढचा आवाज तिथवर यायला जितका वेळ लागतो तितके थांबवून वाजवतात, म्हणजे पुढून आलेला आवाज आणि त्यांचा आवाज एकत्र पोहोचतो. पहिल्या बँडच्या वेळी जागा अर्धी रिकामी असल्यामुळे हे कुणाला जाणवले नाही. दुसऱ्याच्या वेळी सगळे टाळ्यांचा ठेका धरू लागले, तेव्हा पुढच्यांची टाळी आणि आमची टाळी यांची काही केल्या गाठ पडेना. टाळ्यांची लाट आमच्याकडे सरकत येताना चक्क दिसत होती.

* * *

मला लिहिण्याचा अधिकार आहे की नाही, ते धागाकर्त्यांनी ठरवावे, कारण मी पहिला बँड पाहिलेलाच नाही. मित्राच्या गाडीची वाट पाहण्यात उशीर झाला आणि आम्ही पोहोचलो तेव्हा सभागृहाबाहेर तपासणीची रांग होती. आतला कार्यक्रम भिंतीतून गाळून येत होता. गायन नाही, गिटार नाही, केवळ बास आणि पायाने वाजवायचा तो मोठा ड्रम. हातातले तिकीट रांगेच्या लोखंडी दांडीवर टेकवले होते, त्यातूनही तो ठेका बोटांना लागत होता. एकच चार मात्रांचा तुकडा पुन:पुन्हा येत होता: तीन स्वर एकाच जागी, चौथा खाली उतरून थांबलेला. तो इतका वेळ चालला, की मला वाटले आत काहीतरी बिघडले आहे. मग बाहेर उभ्या असलेल्या आम्हा सर्वांना ऐकू जाईल एवढी मोठी आरोळी आतून आली.

तो तुकडा मी अजून गुणगुणतो. या धाग्यातला पहिला अनुभव वाचल्यापासून एक विचारायचे आहे: त्या रात्री तुटली ती कितवी तार होती, ते सोडा, पण बास खाली उतरून थांबायचा का?