पाळीआधीची उदासी की नैराश्य? आणि श्वसनाने चक्कर का येते?

निशिगंध:
पाळीआधी आठवडाभर रडू, चिडचिड, झोपेचं खोबरं; पाळी आली की दोन-तीन दिवसांत सगळं निवळतं. हे नैराश्यच का? दीर्घश्वसन केलं की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. बंद करावं का?

कवडसा:
आधी नोंदवही ठेवा. सलग दोन पाळीचक्रं, रोज रात्री: पाळीचा कितवा दिवस, आणि उदासी, चिडचिड, बेचैनी, झोप यांच्या त्रासाला १ ते ६ गुण (त्रास जास्त तर गुण जास्त). महिनाअखेर आठवून लिहिलेलं फसवं असतं. पाळी संपल्यावरचा आठवडा जवळजवळ कोरा दिसला, तर त्रास पाळीपूर्व. त्या आठवड्यातही गुण चढेच राहिले, तर मूळचं नैराश्य पाळीआधी उसळतंय आणि उपचारांची दिशा बदलते. वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही पाहू द्या. हार्मोन्सचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून कुणी 'मनाचे खेळ' म्हटलं तर ऐकू नका. पातळी सहसा नॉर्मलच असते, तिच्या चढउताराला मेंदू जास्त संवेदनशील असतो.

मात्र जीव द्यावासा वाटत असेल तर वहीसाठी थांबायचं नाही. त्याच दिवशी मदत घ्या.

मंदस्वर:
श्वसन बंद नको, पद्धत बदला. छाती भरून, भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. चक्कर त्याचीच, मुंग्याही त्यातूनच. श्वास मोठा नको, संथ हवा. नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, मध्ये रोखायचा नाही; मिनिटाला सहा होतात. एक हात पोटावर ठेवा. खांदे उचलले जात असतील तर हवा कमी घ्या. पाच मिनिटं पुरे. गरगरलं तर सोडून द्या, नेहमीसारखा श्वास चालू द्या.

श्वासाकडे लक्ष गेलं की काहींची धडधड वाढते. त्यांनी स्नायू सैल करण्याचा व्यायाम करावा: मुठी पाच सेकंद आवळा, वीस सेकंद सैल सोडा, मग दंड, खांदे, कपाळ, पोट, पाय. पूर्ण ताकद लावली तर पोटऱ्यांत गोळे येतात, अर्धा जोर बास. सुरुवात बऱ्या दिवसांत करा. ऐन त्रासात नवीन काही शिकून होत नाही.

निशिगंध:
गोळ्या लागल्याच तर बारा महिने रोज?

कवडसा:
तसं नाही. पाळीपूर्व त्रासात एसएसआरआय गटातली (नैराश्यावरच्या औषधांचा एक गट) गोळी काहींना फक्त पाळीआधीचे साधारण १४ दिवस देतात. नैराश्यात मात्र ती रोजच, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. 'नैसर्गिक' म्हणून सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतली जाणारी वनौषधी परस्पर सुरू करू नका. तिने गर्भनिरोधक गोळीचा परिणाम घटतो, आणि एसएसआरआयसोबत ती धोक्याची आहे.