साखळी योजना आणि थेट विक्री : रेघ नेमकी कुठे ओढायची?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नेटवर्क मार्केटिंग, म्हणजे माल विकायचा आणि आपल्या हाताखाली आणखी विक्रेते जोडायचे, हे सगळंच फसवं असतं असं माझं म्हणणं नाही. पण खरी थेट विक्री आणि साखळी योजना वेगळी काढायला माझ्या मते एक प्रश्न पुरतो. वरच्याच्या खिशात जाणारा पैसा आला कुणाकडून? वस्तू हवी म्हणून घेणाऱ्या बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून, की नव्याने आत आलेल्याच्या जॉइनिंगमधून?

आमच्या नात्यातला एक मुलगा, बी.कॉम. होऊन वर्षही झालेलं नाही, त्याने १५ हजारांचं 'पॅकेज' घेतलं. पैसे आईच्या भिशीतले. वहीच्या पाठकोऱ्या पानावर गोल काढत त्याने मला प्लॅन दाखवला. वर एक गोल, खाली दोन, त्याखाली चार. डावा लेग, उजवा लेग, म्हणजे खालच्या माणसांच्या दोन फांद्या; दोन्हीकडे माणसं भरून पेअर मॅच झाली की पैसे. पंधरा मिनिटं तो न अडखळता बोलला, पण त्यात पॅकेजमधल्या वस्तूंचं नाव एकदाही आलं नाही. विचारल्यावर म्हणाला, सूटचं कापड आहे, घड्याळ आहे, ते महत्त्वाचं नाही.

ते महत्त्वाचं नसेल तर तो धंदा माणसं विकण्याचा आहे. तुम्हाला काय वाटतं?

स्वयंसिद्धा_मिरज

मुलाची योजना फसवी वाटते हे मान्य. पण अशा चर्चेत शेवटी आम्हा सगळ्यांनाच एका दावणीला बांधतात, म्हणून लिहिते.

मी घरगुती साफसफाईचा माल आणि प्रसाधनं विकते. माझ्याकडे उधारीची वही आहे. त्यात नर्सबाई आहेत, दोन मेसवाल्या आहेत, शाळेतल्या बाई आहेत. यातलं कुणीही माझ्या खाली जॉइन नाही, आणि भांड्याचं लिक्विड संपलं की फोन त्याच करतात. माझ्या टीममध्ये मोजक्याच बायका आहेत, त्यांच्या विक्रीवर मला थोडं मिळतं, कारण त्यांना माल समजावायला, गिऱ्हाइकाकडे सोबत जायला मी वेळ देते. दुकानदाराला वितरक, वितरकाला कंपनी, प्रत्येकजण मध्ये मार्जिन घेतोच की. मग माझंच कमिशन तेवढं पाप कसं?

हिशेबतपासनीस

ताई, तुमच्या वहीबद्दल आदर आहे. पण तुमची वही म्हणजे कंपनी नव्हे. तुमच्यासारख्या विक्रेत्या किती आणि स्वतःच महिन्याचा कोटा भरायला माल घेणारे किती, हे कंपनी सांगते का?

खरी मेख इथे आहे. पॉइंट टिकवायला किंवा पुढची पिन, म्हणजे वरचा हुद्दा, मिळवायला माणूस दर महिन्याला स्वतःच खरेदी करतो. कागदावर ती विक्री दिसते. बिल आहे, जीएसटी आहे, वस्तूही आहे. पण पैसा आला साखळीतूनच. धागाकर्त्यांचा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर बाहेरून पाहणाऱ्याला सापडू नये अशीच ही रचना असते.

अमेरिकेतली दोन प्रकरणं पाहा. १९७९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, अ‍ॅमवे ही थेट विक्रीची कंपनी पिरॅमिड योजना (म्हणजे आपली साखळी योजनाच) नाही असा निकाल दिला. त्याला आधार होते कंपनीचे स्वतःचे नियम: महिन्यात घेतलेल्या मालापैकी ७० टक्के विकायचा, किमान दहा किरकोळ गिऱ्हाइकं दाखवायची, न खपलेला माल परत घ्यायचा. त्याच निकालात कमाईचे फुगवलेले दावे आणि किमती बांधून देणं यावर मात्र ठपका होता, हे प्लॅन दाखवणारे कधी सांगत नाहीत. पुढे २०१६ मध्ये हर्बालाइफ या तशाच कंपनीने त्याच कमिशनशी २० कोटी डॉलरची तडजोड केली. तिथल्या धंद्याची रचना बदलावी लागली: वितरकांच्या मोबदल्याचा किमान दोन तृतीयांश भाग पडताळलेल्या किरकोळ विक्रीवर हवा.

म्हणजे स्वतःच्या खरेदीला मर्यादा आणि बाहेरच्या विक्रीचा पुरावा. आपल्याकडे हे मागतं कोण?

कलम_आणि_कागद

कायद्याचं थोडं. बक्षीस चिट आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९७८ चा आहे. झटपट पैशाचं आमिष आणि तो पैसा नव्या सभासदांच्या भरतीवर अवलंबून, असं असलं की योजना त्यात बसते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. लोकांना ठाऊक नसतं ते हे, की बंदी योजना चालवणाऱ्यापुरती नाही, सभासद म्हणून भाग घेण्यालाही आहे. वहीत गोल काढणारा तो मुलगा उद्या दहा जणांचे पैसे घेऊन बसला तर 'मीही फसलो' म्हणून सुटका होईलच असं नाही.

थेट विक्रीचे स्वतंत्र नियम ग्राहक संरक्षण कायद्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये आले. त्यापूर्वी २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं होती, पण ती सल्ल्यापुरती. आता पिरॅमिड योजनेला सरळ मनाई आहे. प्रवेश फी घ्यायची नाही. विक्रेत्याने ओळखपत्र आणि आधी वेळ घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नाही. 'आणखी गिऱ्हाइकं आणा, तुमची किंमत वसूल होईल' असं सांगून माल खपवायलाही बंदी आहे.

एप्रिल २०२२ मध्ये ईडीने अ‍ॅमवे इंडियाची ७५७ कोटींची मालमत्ता जप्त केली, तेव्हा आरोप पिरॅमिड पद्धतीचाच होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हेही लक्षात असू द्या.

उमेद_अकोला

ज्यांच्या घरात नोकऱ्या आहेत ते असे धागे काढतात. आमच्याकडे पदवी घेऊन पोरं पारावर बसलेली आहेत. मला या क्षेत्राने चारचौघांत उभं राहून बोलायला शिकवलं, ते कॉलेजने शिकवलं नाही. मेहनत न करता सोडून देणारे अपयशाचं खापर कंपनीवर फोडतात. आणि विम्याचं काय? एजंटाच्या वर डेव्हलपमेंट ऑफिसर असतो, खालच्यांच्या धंद्यावर त्याचंही भागतं. त्याला कुणी पिरॅमिड म्हणत नाही.

गोदाकाठ

उमेद, नोकऱ्या नाहीत हे दुःख खरं आहे, त्यावर वाद नाही. म्हणूनच या योजना तिथे आधी पोचतात.

पण मेहनतीचा मुद्दा पटत नाही. प्रत्येकाने सहा जण आणायचे म्हटलं तर दहाव्या पायरीवर ६ कोटींहून जास्त माणसं लागतात आणि अकराव्या पायरीवर ३६ कोटी. २०११ च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा होता, तान्ह्या बाळांसकट. सगळ्यांनी रात्रंदिवस मेहनत केली तरी शेवटच्या पायरीवरच्याला आणायला माणूस उरत नाही. सगळ्यात जास्त लोक त्याच पायरीवर असतात.

विम्याचं उदाहरण तर उलटं जातं. एजंटाला परीक्षा द्यावी लागते आणि पॉलिसी घेणारा साखळीबाहेरचा असतो. शिवाय मल्टिलेव्हल पद्धतीने विमा विकायलाच २०१५ च्या दुरुस्तीने बंदी आली.

उमेद_अकोला

गणित कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात सगळे सहा आणत नाहीत, बरेच जण एक-दोनवर थांबतात, म्हणून माणसं संपत नाहीत. फसव्या कंपन्या आहेत, मान्य. दादरच्या टोरेस या दागिन्यांच्या कंपनीने जानेवारी २०२५ ला लोकांचे पैसे कसे बुडवले ते सगळ्यांनी पाहिलं. पण तिथे दर आठवड्याला परतावा देत होते, खड्यांच्या नावाखाली ठेवीच घेत होते. आमच्यात परताव्याची हमी कुणी देत नाही. दोन्ही एकत्र करू नका.

हिशेबतपासनीस

जे एक-दोनवर थांबतात त्यांच्या पॅकेजचे पैसे परत मिळतात का? नाही. ते थांबतात म्हणून वरच्याचं चालतं. टोरेस वेगळ्या जातीचं होतं हे कबूल, पण तिथेही दुसऱ्याला आणलं की बोनस होताच.

स्वयंसिद्धा_मिरज

गणितात मी पडत नाही, पण कोट्याचं हिशेबतपासनीस म्हणतात ते आमच्याकडेही घडतं. महिनाअखेरीला वरून फोन येतात, 'लेव्हल जाईल, हजाराचं तरी उचला.' मी उचलत नाही. माझ्या हाताखालच्या एकीने उचललं आणि पलंगाखाली क्रीमचे डबे साठले. नवऱ्याला सांगायचीही चोरी. हळदीकुंकवाला बोलावून माल दाखवायचा, नणंदेला नाही म्हणता येत नाही म्हणून तिने घ्यायचं, हे मला पहिल्यापासून नापसंत आहे.

तरी धंदा वाईट हे मला मान्य नाही. भीड घालून विकणं वाईट. माझ्या नर्सबाईंना उद्या दुसऱ्या कंपनीचं स्वस्त मिळालं तर त्या माझं बंद करतील, आणि ते योग्यच आहे. तशी मोकळीक जिथे आहे तिथे विक्री आहे, एवढं माझं मत लिहून ठेवा.

हिशेबतपासनीस

तुमचं मत पूर्ण पटलं. कंपनीने साखळीबाहेरच्या विक्रीचा आकडा छापला की कंपनीबद्दलही पटेल.

कलम_आणि_कागद

गोदाकाठ, मतं होत राहतील, त्या मुलाचं आधी बघा. नियमांत कूलिंग-ऑफ कालावधी आहे, त्यात करार मोडून पैसे मागता येतात. करार झाल्याची तारीख पाहा. पॅकेजचं सील फोडू देऊ नका, विकण्याजोगा माल परत घेण्याची तरतूद आहे. अपलाइनशी, म्हणजे त्याला जॉइन करून घेणाऱ्या वरच्यांशी, फोनवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करायचा, सोबत पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कमाईच्या दाव्यांचे स्क्रीनशॉट जोडायचे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि तोवर त्याने आणखी कुणाचंही जॉइनिंग घेऊ नये, मित्राचंसुद्धा नाही.