सांगोला मतदारसंघ: तुमच्या घरातल्या निवडणुकांच्या आठवणी लिहा

माणकाठ:
सोलापूर जिल्ह्यातला आपला विधानसभा मतदारसंघ, २५३ नंबरचा सांगोला म्हटलं की बाहेरचे लोक एकच सांगतात, गणपतराव देशमुख, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), अकरा वेळा आमदार. १९६२ ला पहिल्यांदा आणि २०१४ ला शेवटचं. पण आबा, म्हणजे आपले गणपतराव, दोनदा पडले पण होते, १९७२ आणि १९९५, आणि मला वाटतं आपल्या घरांमधून त्या पराभवांच्याच गोष्टी जास्त सांगितल्या जातात. जुनी माणसं एकेक करून चाललीत म्हणून हा धागा काढतोय, कुठल्याही पक्षाचे असा, आठवतंय ते लिहा.

माझ्यापासून सुरू करतो. १९९५ ला मी नववीत होतो. तेव्हा मतपत्रिका, मोजणी लांबायची, आणि आबा १९२ मतांनी पडल्याचं कळलं तेव्हा वडील जेवत्या ताटावरनं उठले. मतदानाच्या दिवशी आमच्या वस्तीवरची चार माणसं लग्नाच्या बोलणीला मिरजेला गेलेली, मत राहिलं. वडिलांनी ती चार मतं पुढं कित्येक वर्षं काढली. मी म्हणायचो, अहो १९२ तून चार गेली तरी १८८ उरतात, तर म्हणायचे प्रत्येक वस्तीवर अशी चार असतील की.

महूदची लेक:
आमची आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, सुकडी म्हणजे दुष्काळी कामावरचं खाणं मिळायचं तिथं. त्याच साली निवडणुकीत आबा पडलेले आणि मग १९७४ ला पोटनिवडणूक लागली त्यात परत आले. आजीला सालं आठवायची नाहीत, ती म्हणायची "सुकडी खाल्ली त्याच्या मागनं खटाऱ्यावर शिक्का मारला". शाळा शिकली नव्हती, पण खटारा, म्हणजे शेकापचं बैलगाडीचं चिन्ह, तिला बरोबर ओळखू यायचा.

पुण्यात नोकरी:
मी शहाजीबापू पाटलांच्या बाजूचा, १९९५ ला आबांना पाडलं ते, आधीच सांगतो. १९९५ नंतर परत आमदार व्हायला बापूंना २४ वर्षं लागली, मधल्या चारही निवडणुका आबांनीच काढल्या. एवढी वर्षं पडणाऱ्या बाजूला उभं राहायचं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं, गावात चहाच्या टपरीवर पण बाजू बघून बसायला लागायचं. २०१९ ला आबांनी वयामुळं उभं राहायचं नाही ठरवलं आणि त्यांचे नातू अनिकेत उभे राहिले. मी २० ऑक्टोबरच्या रात्री स्वारगेटवरनं एसटीत उभा राहून गावी आलो, सकाळी मत टाकलं, संध्याकाळी परत. बापू ७६८ मतांनी आले. त्या ७६८ मध्ये माझं एक आहे हे मला आजपण भारी वाटतं.

भाळवणी:
आम्ही पंढरपूर तालुक्यातले. २००९ पासून मतदारसंघांच्या नवीन रचनेत आमचं महसूल मंडळ सांगोल्याला जोडलं. दाखल्याला पंढरपूर, आमदाराला सांगोला. पहिल्या खेपेला आमच्या म्हाताऱ्यांना मतदान करून आल्यावरपण वाटत होतं आपण दुसऱ्याच्या गावचं मत टाकून आलो. आता सवय झाली.

माणकाठ:
@पुण्यात नोकरी, मनापासून लिहिलंत. आमच्या घरात ७६८ चा आकडा ऐकला तेव्हा वडील नव्हते, नाहीतर परत मोजत बसले असते.

जवळ्याची सून:
२०२४ चं लिहिते. आबा २०२१ च्या जुलैत गेले, त्यानंतरची ही पहिली विधानसभा. तिरंगी होती, शहाजीबापू, दीपक साळुंखे आणि शेकापकडनं दुसरे नातू बाबासाहेब. आमच्या एका घरात तिन्हीकडची माणसं, आठवडाभर जेवताना कुणी विषय काढत नव्हतं. सासूबाई ८० च्या पुढच्या, गुडघे गेलेत, दीर म्हणाला गाडीतनं नेतो पण वाटेत कुणाला टाकायचं ते विचारणार नाही. त्यानं शब्द पाळला. २३ नोव्हेंबरला बाबासाहेब २५ हजारांहून जास्त मतांनी आले, दीर दुसऱ्या बाजूचा, तरी पेढा त्यानंच आणला आणि पहिला सासूबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी मत कुणाला दिलं ते अजून सांगितलेलं नाही.