सरपंच वहिनी, पण डोंगल कुणाकडे?

खटावची लेक:
आमच्या शेजारच्या गावात या वेळी सरपंचपद सर्वसाधारण महिलेला सुटलं. थेट निवडून आलेल्या वहिनी दहावी शिकल्यात, पण भाऊसाहेब (ग्रामसेवक, आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) कागद घेऊन त्यांच्या मिस्टरांकडंच जातात. वर सदस्य अविश्वास ठरावाची भीती घालतात. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत काय ताब्यात घ्यावं?

कोरेगावकर:
ताई, आधी डोंगल. वित्त आयोगाच्या निधीचं बिल ऑनलाइन निघतं, त्यात ग्रामसेवक मेकर (बिल भरणारा) आणि सरपंच चेकर (मंजूर करणारा). चेकरची डिजिटल सही त्या पेनड्राइव्हएवढ्या डोंगलमध्ये असते. होतं काय, डोंगल पंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पिन त्यावरच चिकटपट्टी लावून लिहिलेला, नोंदवलेला मोबाईल नंबर मिस्टरांचा. पैसे परस्पर जातात आणि चौकशी लागली की सही बाईंची! नव्या सरपंचाची सही नव्यानं काढतात, तेव्हाच स्वतःचा नंबर द्यायचा.

चेकवर दोघांच्या सह्या लागतात. कोऱ्या चेकवर सही करायची नाही. रक्कम, नाव आणि ठराव क्रमांक बघूनच पेन उघडायचं.

जुना कारकून, तासगाव:
प्रोसिडिंग बुक (सभेच्या ठरावांची वही) विसरू नका. ठराव संपला की खाली मोकळ्या ओळी सोडतात आणि नंतर त्यात भलतंच घुसवतात. म्हणून सभा संपल्यावर तिथंच वाचून, मोकळ्या जागेवर आडवी रेघ मारून सही. मासिक सभा बोलावणं सरपंचाचं काम आहे. सबळ कारणाशिवाय सभा चुकवल्या तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 36 खाली पद जातं. ‘मालक परगावी होते’ हे कारण चालत नाही.

खटावची लेक:
आणि अविश्वास?

जुना कारकून, तासगाव:
पहिली दोन वर्षं आणणारच नाहीत, कायदाच आणू देत नाही. त्यानंतरही तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि थेट निवडून आलेल्या सरपंचाचा ठराव ग्रामसभेत गुप्त मतदानानं मंजूर व्हावा लागतो. नुसती हूल आहे.

कोरेगावकर:
खरी भीती अपात्रतेची. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं असेल तर पद गेलं. दुसरं अतिक्रमण. सासऱ्यांनी गायरानात टाकलेलं शेडसुद्धा सुनेला भोवतं. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये कुटुंबाचं अतिक्रमणही धरलंय. तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडं जाते. विरोधक तिथंच गाठतात, अविश्वासाच्या वाटेला जात नाहीत. वहिनींना म्हणावं, घराचा आणि गोठ्याचा नमुना 8 उतारा (ग्रामपंचायतीतली मिळकतीची नोंद) काढून जागा मोजून घ्या.

जुना कारकून, तासगाव:
आणि ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, ती कागदावर उरकू देऊ नका. महिला-बालकल्याणाचे उत्पन्नाच्या 10 टक्के कशावर गेले, ते रजिस्टर तिथं मागवा. बहुतेक गावांत सतरंज्याच निघतात.