काढणीनंतर द्राक्षबागेला विश्रांती किती द्यावी? खरड छाटणी केव्हा घ्यावी?

तेलसंग शिवार (ता. अथणी):
सर्वांना नमस्कार. आमची डॉगरिज खुंटावर (कलमासाठी वापरलेल्या मूळझाडावर) थॉमसन जातीच्या द्राक्षाची बाग आहे. माल बेदाण्याला ठेवल्यामुळे काढणी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात उरकली. मुलाने इंटरनेटवर वाचले की, काढणीनंतर शरद ऋतूत वेलींना पाणी चालू ठेवावे, पाने आपोआप गळू द्यावीत आणि छाटणी हिवाळ्यात करावी. आपल्याकडे शरदात तर फळछाटणीची (घड येण्यासाठीच्या छाटणीची) धांदल असते! इकडे छाटणीची टोळी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी जाणार असल्याने मुकादम आताच खरड छाटणी (काढणीनंतर नव्या काड्या येण्यासाठीची छाटणी) उरका म्हणून मागे लागला आहे. पाने बरीचशी हिरवी आहेत, बोअरचे पाणी मात्र कमी झाले आहे. थांबावे की छाटावे?

कागवाडकर:
दादा, मुलाने वाचलेले खोटे नाही, फक्त ते थंड प्रदेशाचे आहे. युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरात घड उतरतात. त्यानंतर कडाक्याची थंडी पडेपर्यंत पाने जे अन्न तयार करतात ते मुळांत आणि खोडात साठते आणि मग वेल सुप्तावस्थेत जाते. आपल्या हवामानात ती सुप्तावस्था येतच नाही, म्हणून आपण दोनदा छाटून एक पीक घेतो. तरीही काढणीनंतरच्या हिरव्या पानांचे काम दोन्हीकडे एकच आहे. खरड छाटणीनंतरची पहिली फूट वेलीतल्या साठ्यावरच निघते, आणि बेदाण्याचा माल २२ ब्रिक्सच्या (गोडीचे माप) पुढे नेताना आपण तो साठा घडांत ओतलेला असतो, शिवाय गोडीसाठी शेवटी पाणीही तोडलेले असते. अशा बागेवर लगेच कात्री चालवली तर डोळे (काडीवरचे अंकुर) मागेपुढे फुटतात आणि ओलांड्यावर (तारेवर पसरवलेल्या कायमच्या फांदीवर) मोकळ्या जागा राहतात. थोडे पाणी, थोडे नत्र-स्फुरद खत देऊन किमान पंधरा-वीस दिवस थांबा. टोळ्या मिळतात, ओलांडा पुन्हा भरून काढायला वर्ष जाते.

तिकोट्याचा बागायतदार:
कागवाडकरांशी सहमत आहे, पण विश्रांती लांबवण्यालाही मर्यादा आहे, हे लक्षात ठेवावे. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड ठरतात आणि त्या वेळी कडक ऊन लागते. १० एप्रिलला छाटलेल्या बागेची ही अवस्था २० मे ते ९ जून येते. एप्रिल संपताना छाटली तर ती जूनच्या ढगाळ दिवसांत सापडते, आणि ऑक्टोबरला काडीवर घडांऐवजी बाळ्या (नुसते तणावे) दिसतात. मार्चअखेर माल उतरलेल्या बागेला महिनाभर विसावा देणे मला तरी परवडणारे वाटत नाही. पाणी थोडे असेल तर एकदम भिजवण्यापेक्षा ड्रिपने थोडे थोडे, आणि बोदावर (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यावर) उसाच्या पाचटाचे आच्छादन करावे.

तेलसंग शिवार:
दोघांचेही आभार. मुकादमाला नकार कळवला आहे, १० एप्रिलच्या सुमारास छाटणी धरतो. या मधल्या दिवसांत आणखी काय करता येईल?

कागवाडकर:
बोदाच्या कडेला वीतभर उकरून पाहा. पांढरी मुळी दिसत नसेल, सगळी मुळे तपकिरी आणि कोरडी असतील, तर प्रथम पाण्याकडे लक्ष द्यावे. चारी घेऊन कुजलेले शेणखत भरायचे असेल तर ते आताच करावे, कारण त्यात तुटलेल्या मुळांना छाटणीपूर्वी सावरायला वेळ मिळतो. मातीचा नमुनाही खते टाकण्याआधी काढावा. आपल्याकडील बोअरच्या पाण्यात क्षार असतात. पानांच्या कडा करपल्या असतील तर पाणीसुद्धा तपासून घ्यावे.

मिरज पूर्व:
एक भर घालतो. गेल्या हंगामात पिठ्या ढेकूण ही कीड असेल तर खोड आणि ओलांड्यावरची सुटलेली साल हाताने काढावी, कारण तो तिच्याखालीच दडून राहतो. मणी राहिलेले घड, काढलेली साल आणि पुढे छाटलेल्या काड्या बांधावर ढीग करून ठेवू नयेत, बागेबाहेर न्याव्यात. छाटणीनंतर ओलांडे आणि खोड बोर्डो मिश्रणाने (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाने) धुऊन घ्यावेत.