व्ही-क्रॉसले लॉन्ग ट्रॅव्हल: कोणी केलं काय?

संत्रावाला (वरूड)
नमस्कार मंडळी. सेकंडहँड इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप घेतली, फोर बाय फोर. समोर डबल विशबोन (चाक धरणारे वरचा-खालचा असे दोन आर्म) आन् कॉइल स्प्रिंग, मागं पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग). संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड आटोपली की गाडीच्या कामाला लागतो. जूनमध्ये हिमाचलचा कुंझुम घाट उघडला की स्पिती करायचं आहे, तिथंच डाल्यावर (गाडीच्या मागच्या उघड्या भागावर) तंबू टाकून राहायचं. बाकी वर्षभर तिनं वावरातही चाललं पाहिजे: पांदणीनं, नाल्यातून, संत्र्याचे कॅरेट घेऊन.

बाहेरच्या देशातल्या व्हिडिओत चाक हातभर खाली लोंबते, तसं लॉन्ग ट्रॅव्हल (चाकाचा वर-खाली खेळ वाढवणं) करायचं मनात घेतलं आहे. अमरावतीत एकानं सांगितलं, कॉइलच्या वर चार इंची स्पेसर (ठोकळा) टाका, काम झालं. खरंच झालं काय?

लेथवाला (हिंगणघाट)
नाही झालं भाऊ. स्पेसरनं गाडी उंच होते, चाकाचा खेळ वाढत नाही. शॉकअपचा दांडा पहिले जेवढा आत-बाहेर होत होता तेवढाच होते, फक्त तो खेळ खाली सरकते. आन् चार इंच म्हणजे लयच झालं. चाक पूर्ण लोंबलं की वरचा आर्म कॉइलले टेकते, बॉल जॉइंट (आर्मचा गोल सांधा) आन् सीव्ही जॉइंट (चाकाले जोर देणाऱ्या एक्सलचा सांधा) यायचा कोन हद्दीबाहेर जाते. सीव्हीचं रबर फाटलं आन् त्यात आपली काळी माती शिरली की जॉइंट गेलाच समजा.

खरं लॉन्ग ट्रॅव्हल असं असते. समोरचा शॉकअप चाकापाशी नसते, खालच्या आर्मवर आतल्या अंगानं बसते. समजा आर्मच्या 60 टक्के लांबीवर बसला, तर शॉकअपचा 6 इंच खेळ म्हणजे चाकाचा जवळपास 10 इंच. म्हणून जास्त खेळ पाहिजे असणारे लोक आर्मच लांब करतात. मग एक्सल लांब, टायरॉड (स्टिअरिंगचा दांडा) लांब, ब्रेकचे पाइप लांब, गाडी दोन्हीकडून रुंद, फेंडर कापा. स्प्रिंग जुनीच ठेवाल तर गाडी नाक टेकून बसते, कारण चाकापाशी तिचा कडकपणा त्या गुणोत्तराच्या वर्गानं उतरते. 0.6 चा वर्ग 0.36, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या थोडा वर. आन् टायरॉडची चाल आर्मशी जुळली नाही, तर खड्ड्यात चाक वर गेलं की ते स्वतःच वळते. घाटात हे चालत नाही.

हा प्रकार आला वाळवंटातल्या शर्यतींमधून. मेक्सिकोतली बाहा 1000 घ्या, 1967 पासूनची. तिथं लाटालाटांच्या वाटेवर शंभराच्या वर वेगानं गाड्या हाणतात, म्हणून त्यायले एवढा खेळ आन् तापलं तरी न थकणारे शॉकअप लागतात. तुमच्या पांदणीत पाऊस पडल्यावर दहाचा वेग भेटला तरी पावलं.

मी डाल्याची फ्रेम, बंपर, शॉकअपचे ब्रॅकेट सगळं करून देतो. खालचा आर्म कापून वेल्ड करून देत नाही, कितीही पैसे दिले तरी. गाडीचं वजन त्याच्यावर असते राज्या, आन् आत बसलेली माणसंही त्याच्याच भरवशावर.

तुमच्या गाडीत पैसा लावायची जागा मागं आहे. कॅरेट भरले की पाटे बरोबर बसतात, रिकामी असली की गाडी उडते. नरम पाट्यांचा सेट करा आन् त्याखाली हेल्पर पाटा, जो वजन पडल्यावरच टेकते. त्यासंगं थोडा लांब शॉकअप. यू-बोल्ट (पाटे एक्सलले बांधणारे) एकदा खोलले की नवेच लावा, जुने पुन्हा ताणू नका. एक्सल आन् पाट्याच्या मधात लाकडी-लोखंडी ठोकळे भरून उंची वाढवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. जोर लावला की एक्सल पिळते.

आन् मागचं डिफरन्शियल (एक्सलच्या मधातला गिअरचा गोळा) उंच करायचं असेल तर टायरच लागते, सस्पेन्शननं ते उठत नाही. 245/70 आर 16 चा व्यास साधारण 749 मिमी, 265/70 आर 16 चा 777. डिफ वर आला किती? 14 मिमी. ओल्या रेगडीत तेवढ्यानं काही होत नाही. ऑल टेरेनच्या खाचा मातीनं भरल्या की टायर गुळगुळीत होते. पाऊस थांबल्यावर दोन दिवस ऊन लागू द्या, मग गाडी घाला.

काझा रिटर्न (नागपूर)
लेथवाले भाऊ बरोबर सांगून राहिले. मी फक्त वजनाचं सांगतो. 20 लिटर पाणी म्हणजे 20 किलो, 20 लिटर डिझेल म्हणजे सतरा किलोच्या आसपास, वर कॅन वेगळा. तंबू, दुसरं स्टेपनी, विंच (फसलेली गाडी ओढायचं यंत्र), जाड बंपर... माणसं बसायच्या आधीच गाडी भरते. कोणतीही स्प्रिंग घ्यायच्या आधी सगळं सामान टाका, टाकी फुल करा, घरची माणसं बसवा आणि जिनिंगच्या धरमकाट्यावर न्या. एकदा पूर्ण गाडी, एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर. दोन पावत्या हातात असल्या की दुकानदार तुम्हाला अंदाजानं काही विकू शकत नाही. जड तंबू टपावर नको, डाल्यात फ्रेम करून खाली ठेवा.

पासिंगवाला (यवतमाळ)
कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल: कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. रुंद झालेली गाडी, कापलेलं फेंडर हे लांबूनच दिसतं. अपघात झाला तर विमावाला आधी तेच शोधतो. आणि मेळघाट जवळ आहे म्हणून जंगलात कुठंही गाडी टाकायची नाही, व्याघ्र प्रकल्प आहे तो.

संत्रावाला (वरूड)
समोरचे आर्म राहू देतो मग. मागचा लांब शॉकअप किती लांब घ्यायचा, हे कसं काढू?

लेथवाला (हिंगणघाट)
चेसी दोन्हीकडून पक्क्या घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, मागचे शॉकअप खोला. एक्सलखाली जॅक लावून हळूहळू उचला. बंप स्टॉपचं रबर (एक्सल वर आपटू नये म्हणून असते ते) दबलं की थांबा, आन् शॉकअपच्या वरच्या-खालच्या बोल्टमधलं अंतर मोजा. त्याच्यापेक्षा पूर्ण दाबलेला शॉकअप लहान पाहिजे, नाहीतर तो आतून फुटते. मग एक्सल पूर्ण लोंबू द्या, पण ब्रेकचा पाइप ताणायच्या आधी थांबा. तिथलं अंतर म्हणजे उघडलेल्या शॉकअपची हद्द. दोन्ही बाजूनं मोजा, पाटे जुने असले तर फरक निघतो. आकडे इथं टाका, कोणता बसते ते पाहू.